कानातली पुळण

शिवण्याच्या लॅबमध्ये एकोणीस वर्षं
मी वाळू चाळते.
बिल्डरचा माणूस पोतं टाकून जातो,
मी वाळवते, तोलते, चाळण्यांची उतरंड रचते,
वर पावणेपाच मिलिमीटर, तळाला दीडशे मायक्रॉन,
आणि त्याखाली ताटली,
जिला काहीच अडवता येत नाही.
नदीची वाळू बंद झाल्यापासून येते ती
वाघोलीकडची, काळा दगड फोडून केलेली,
वाहणं माहीत नसलेली.

म्हणून समुद्रावर गेले तेव्हा
इतरांसारखं क्षितिज नाही बघितलं.
खाली बघितलं.

हसनमियाँ सोलकरांनी फोनवरच बजावलं होतं,
अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी या,
पाणी पार लांब गेलं तरच दार उघडतं.
दार म्हणजे कड्याच्या बुडाशी एक भोक.
होडीतून उतरून, चपला काखेत मारून,
रांगत, पाठीला कालवं ओरखडत
पलीकडे निघाले
तर चहूकडून खडक, वर परातीएवढं आभाळ,
आणि मधे एक पुळण,
आमच्या सोसायटीच्या पार्किंगपेक्षा लहान.
समुद्र दिसतच नाही तिथून.
भोकातून वीतभर आत येतो,
काहीतरी पुटपुटतो,
आणि उत्तरासाठी न थांबता परत जातो.

"नाव नाय हिला," सोलकर म्हणाले.
"आम्ही कानातली म्हणतो. डोंगराचा कान हा.
हळू बोला, त्याला सगळं ऐकू जातं."

मी मूठ भरली, आणि मूठ तशीच राहिली.
वाळूचा एक कण नव्हता तिच्यात.
सगळे शंख.
मोहरीएवढे, राजगिऱ्याएवढे, खसखशीएवढे,
प्रत्येकाला तोंड, प्रत्येकाला पीळ,
प्रत्येकात कुणीतरी राहून गेलेलं, भाडं न थकवता.
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा
नमुना घ्यायला हात होईना.
घेतला. सकाळी ज्यात थालीपीठ होतं त्या डब्यात.
सोलकर घड्याळ न बघता म्हणाले,
"चला, पाणी फिरलं."

सोमवारी सगळे जेवायला गेल्यावर चाळण्या लावल्या.
यंत्र नको वाटलं. सूप पाखडावं तशा हातानंच हलवल्या.
मुल्लाणी साहेब पाणी प्यायला आले, वाकले.
"कुठली साइट?"
म्हटलं, साइट नाही.
"गाळ किती?"
म्हटलं, काहीच नाही.
त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं
आणि बाटली न भरताच गेले.

चिमूटभरावर आम्लाचा थेंब सोडला, नियमाप्रमाणे.
चुर्र झालं. फेस आला. गेला.
तिथे काचेवर ओलसर डाग, बाकी शून्य.
नोंदवहीत लिहिलं, सगळा चुना, बांधकामास अयोग्य,
आणि पेन अडलं.
बांधकामच तर होतं ते,
एकेकट्यानं, आतून, नकाशा मंजूर न करता केलेलं.

अण्णा खडकीच्या फॅक्टरीत होते बत्तीस वर्षं.
डावा कान तिथेच राहिला, उजव्यात थोडी धुगधुगी.
रात्री विचारलं त्यांनी, "आवाज कसा होता गं तिथे?"
मला सांगता येईना.
स्टीलचं ताट घेतलं, त्यांच्या उजव्या कानाशी धरलं,
आणि डबा हळू, अगदी हळू, रिता केला.
ते डोळे मिटून बसले.
"परत ओत."
ओतलं.
"अजून एकदा."
मग म्हणाले, "तुझी आई तांदूळ निवडायला बसली की…"
वाक्य तसंच ठेवून टीव्ही लावला,
नेहमीच्याच आवाजात, शेजारच्यांनाही पुरेल असा.

सहाशे मायक्रॉनच्या चाळणीत एक शंख अडकलाय.
ब्रशनं निघाला नाही.
खरं म्हणजे मी जोर लावला नाही.
आज वाघोलीचं पोतं चाळलं,
काळी भुकटी त्याच्या अंगावरून खाली गेली,
तो तिथेच, पांढरा.
अहवालात तळटीप द्यायला हवी खरी:
चाळणीचं एक भोक बंद आहे.