शेजारी शून्य असेल तर

चिलोएच्या या बेटावर जून म्हणजे हिवाळा,
आठ वाजले तरी काळोख.
एदेल्मीरा शाळेचं कुलूप काढते, चूल पेटवते,
मग फळ्यावर तारीख.
चूल आधी. ओल्या लाकडाची मनधरणी करायला
तारखेपेक्षा जास्त वेळ लागतो.

हजेरीपटावर रेघा पस्तीस,
नावं पाच.
पहिलीत माइतेन, तिसरीत कोलिवोरोंची जुळी,
चौथीत निकानोर, सहावीत आयलिन.
दुसरी आणि पाचवी यंदा नाहीतच.

मुलं तिला तीआ म्हणतात.
तीआ म्हणजे मावशी, आणि आत्या, आणि काकू, मामीसुद्धा;
त्या भाषेत नात्यांची एवढी फोड नाही.
जिच्या खिशात रुमाल असतो
आणि जिला बुटाची ओली गाठ सोडवता येते,
ती तीआ.

आर्सेनिओच्या नावेतून चौघं येतात,
आयलिन तेवढी इथलीच, चालत.
चुलीभोवती बूट उपडे, मोज्यांना वाफ.
निकानोर बाकावर बसतो आणि झोपतो.
पहाटेच्या ओहोटीला आईबरोबर
समुद्रातलं शेवाळ ओढत होता, नखांत वाळू आहे अजून.
ती त्याला उठवत नाही.
जुळ्यांना सांगते, पाढे कुजबुजत म्हणा.
सात चोक अठ्ठावीस, सात पंचे पस्तीस,
चोरांनी वाटणी करावी तसे.

दूध प्याल्यावर त्याला जाग येते. पाटीवर
पाचशे तीन वजा अठ्ठ्याहत्तर.
"तीनातून आठ जात नाहीत. मग?"
"शेजाऱ्याकडून उसने घ्यायचे."
"घे की."
"शेजारी शून्य आहे, तीआ."

खिडकीबाहेर बारीयांचं घर,
मार्चपासून बंद. झडपांवर फळ्या ठोकलेल्या,
सफरचंदं झाडाखालीच सडून गेलेली.

"मग त्याच्या पलीकडच्याकडे जायचं."
"तो लांब राहतो," निकानोर म्हणतो, "शतकात."

जेवताना माइतेनचा दात सूपमध्ये पडतो.
शाळा थांबते. पाच चमचे, एक पातेलं,
बटाट्याचा प्रत्येक तुकडा संशयित.
दात शेवटी आयलिनच्या ताटलीत सापडतो,
आयलिन उरलेलं सूप पीत नाही.

तीन वाजता वारा फिरतो.
रेडिओवर बंदर बंद.
आर्सेनिओ येणार नाही, कोणीच येणार नाही,
चार मुलं रात्रीला इथेच.
आयलिनला चुलीपाशी बसवून ती बाहेर पडते.
सवयीनं हात बारीयांच्या फाटकाच्या कडीवर जातो,
कडी गार.
मग चढण, चिखल, आणि टेकडीवर बाउदिलिओ म्हातारा,
वय एकोणनव्वद, कुत्री दोन.
तो एवढंच विचारतो, "किती जणं?"
"चार."
तो पाच घोंगड्या काढतो, धुराचा आणि मेंढीचा वास असलेल्या.
"एक तुला," म्हणतो, आणि वर बटाट्यांची पिशवी.
"परत कधी देऊ?"
तो दार लावून घेतो, वाऱ्यामुळे.

रात्री जुळी एकमेकांना लाथा मारत झोपतात.
निकानोर तर भांडी घासायच्या आधीच.
माइतेन आवाज न करता रडते,
मुठीत दात.
एदेल्मीरा पाचवी घोंगडी तिच्यावर घालते,
पायाकडून खोचते.

मग अंगात कोट तसाच ठेवून वह्या.
निकानोरचं उत्तर: चारशे पस्तीस.
चूक कुठे झाली ते तिला लगेच कळतं.
मधल्या घरी दहा आले,
त्यातला एक तिथून पुढे गेला,
हे तो विसरला.
दहाच्या दहा तिथंच आहेत असं धरून चालला.

ती लाल पेन उचलते, खाली ठेवते.
पेन्सिलीनं कडेला एक टिंब.
चुलीत लाकूड सारते,
कॉलर कानापर्यंत ओढते.
उद्या सांगू. चूल पेटल्यावर.