ओल्या थराची फणी

हिद्दच्या गोदीत तो रंग मोजायचा.
लावायचा नाही, मोजायचा.
जहाजाच्या पोटावर ओला थर चढला की
खिशातली स्टीलची फणी त्यात टेकवायची,
कुठल्या दातापर्यंत माखली ते बघायचं
आणि वहीत लिहायचं : दोनशे मायक्रॉन. पास.

घरी येऊन माझ्या कॅनव्हाससमोर उभा राही,
बॉयलरसूटच्या बाहीवर शेंदरी डाग.
"आम्हीही शेंदूरच फासतो, बाई,
फक्त आमचा मारुती तीनशे मीटर लांब."
मग तीच फणी उगारायचा माझ्या ओल्या निळ्यावर
आणि मी ब्रश घेऊन त्याच्या अंगावर धावायचे.

तो गेला जूनमध्ये.
धुळीनं विमानं अडली होती.
त्याला घेऊन निघायला चार दिवस लागले,
चार दिवस आकाश, समुद्र, मुहर्रकचा पूल
एकाच बादलीत ढवळलेले.

परत आले. शाळेत चित्रकलेची नोकरी, व्हिसा तिच्यावर.
रंगाला कुणी मनाई केली नव्हती.
सासूबाई फोनवर म्हणाल्या, "काही पाळू नकोस गं, हिरवं नेस."
मी हिरवं नेसले.
कागदावर मात्र कोळसाच उतरायचा.
खजुरी कोळशाच्या, गच्चीवरच्या टाक्या कोळशाच्या,
खालच्या बदरियाची केतलीसुद्धा, वाफेसकट.
सहावीतल्या एकानं विचारलं,
"मिस, तुमच्या समुद्रातले मासे कुठायत?"
म्हटलं, आहेत. दिसत नाहीत.

एकोणीस महिने.

काल ट्यूबांचा डबा काढला, फेकायलाच.
झाकणं चिकटून दगड झालेली.
झाकणं तो उघडायचा :
पकडीनं, दातानं, चहाच्या वाफेवर धरून.
मी वाफ दिली. फडकं गुंडाळलं.
त्याची एक मालवणी शिवी दिली.
नाहीच.
मग सुरी घेतली
आणि ट्यूब मागून चिरली, बांगड्यासारखी.

कडेला साय धरली होती.
आत मऊ. शेंदरी.
जवसाच्या तेलाचा तो वास.

पहिला हात दिला समोरच्या गच्चीवरच्या टाकीला,
जिचा शेंदरीशी काडीचा संबंध नाही.
मग तिच्यामागच्या आकाशाला.
मग बोटांनीच, ब्रश धुवायला उठले नाही.
बदरियाच्या घरून माशाला हळद लागल्याचा वास आला,
गेला, मी तिथंच.

कपाटातल्या बॉयलरसूटच्या खिशात फणी होती.
टेकवली. दाबली, जराशी जास्तच.
किती मायक्रॉन ते वाचता आलं नाही,
चष्मा शाळेत राहिलाय.
आकाशात दातांच्या रेघा उमटल्या.
पुसल्या नाहीत.

आज दुसरी ट्यूब. निळी बहुतेक,
लेबल गेलंय, चिरल्यावर कळेल.
सुरी वेगळी ठेवलीय.
कांद्याला आता नवीन आणावी लागणार.