लिंब

जसबीर फोनवर लिंबं म्हणतो
आणि हसीनाला वाटतं सरबताचं चाललंय.
धनुष्याच्या दोन पात्यांना तसंच म्हणतात, मी सांगतो,
मधला दांडा तोच राहतो, पाती उकलून बदलता येतात.
"मग पाती म्हणा की," ती म्हणते. "लिंब दारात आहे."
आहे खरंच. त्याच्याच फांदीला मी
चिंध्या दाबून भरलेलं पोतं टांगलंय
आणि पोत्यावर कोळशाचा एक गोल.

साधी पाती साडेसात हजार.
आत मेपल, वर काच, रंग काळा.
वरची पाती बारा हजार तीनशे.
बांबूचा गाभा, पोटात कार्बनचा पापुद्रा.
"बाण सेकंदाला आठ फूट जास्त जाईल!"
जसबीर नांदेडहून रंध्याच्या आवाजावर ओरडतो.
आठ फूट म्हणजे किती,
तर आमच्या दुकानाच्या शटरएवढे.

दुकान जालन्याच्या बायपासला, कमानपाट्याचं.
ट्रकखालची ती कमान आणि हातातली हीसुद्धा कमानच,
भाषेनं मला फार लांब जाऊ दिलं नाही.
अब्बा पाटा लाल करून घण घालायचे
आणि गेलेला बाक परत आणायचे.
म्हणायचे, वाकला त्याचं काही नाही रे,
परत यायचं विसरला की तो पाटा गेला.

सव्वीस वर्षं ड्रायव्हर माझ्यासमोर उकिडवे बसतात.
उस्ताद, नवा टाकू का शेकून चालंल?
मी हातोडी वाजवतो, आवाज ऐकतो, सांगून टाकतो.
दोन मिनिटं लागत नाहीत.
आता आठ दिवस झाले,
माझ्या चार हजार आठशेचं मला सांगता येईना.
तेवढ्यात कूलरची मोटार येते.
मे तोंडावर आलाय.
आणि उजवा खांदा अजून किती वर्षं
पंचेचाळीस पौंड ओढील, ते जसबीरला विचारून उपयोग नाही.

रविवारी तलावामागच्या मैदानात
घोडकेच्या पोराची वरची पाती मागून घेतली.
माझं धनुष्य बाण सुटला की मनगटात ठणका देतं,
घण ऐरणीच्या कोपऱ्यावर पडावा तसा.
हे गप्प राहिलं.
इतकं गप्प, की मी हाताकडं बघितलं.
बाण मात्र गेला तिथंच,
खाली, डावीकडं, जिथं माझे सगळे जातात.
बारा सोडले. नऊ खाली डावीकडं.
फक्त लवकर पोचले.

"तुमचा हात चुकतो का लिंब?"
हात.
"मग कामून?"
तव्यावरची भाकर फुगली, तिनं उलटली,
तरी मला उत्तर जमेना.
मग म्हटलं, माझ्या धनुष्यानं चुकलो
की काहीतरी सापडतं.
पात्याला पीळ आलाय, दोरी सैल आहे, दांडाच हलला.
त्या दिवशी खूप शोधलं.
तिथं माझ्याशिवाय कुणीच नव्हतं.

"म्हणजे बहाणा मोडायला पाच हजार."
चार हजार आठशे.
"तेच ते," ती म्हणाली
आणि पुढचा गोळा हातात घेतला.
रागावली की नाही, कळलं नाही.
पीठ तिनं नेहमीपेक्षा जोरात झटकलं, एवढं खरं.

रात्री जसबीरला चार हजार पाठवले.
कोणत्या पात्यांचे, ते लिहिलं नाही.

सकाळी बदनापूरची आयशर आली.
तिसरा पाटा चिरलेला, केसाएवढा.
ड्रायव्हर नवा, मिशीसुद्धा पुरती न आलेला.
नवा टाकू उस्ताद, का चालंल?
मी हातोडी वाजवली.
खिशात जसबीरचा फोन थरथरत होता.
आवाज ऐकला, पुन्हा वाजवली, पुन्हा ऐकला.
पोरगं तोंडाकडं बघत राहिलं.
बस, म्हटलं, चहा सांगतो.
तू माल किती भरतोस
आणि कुठवर जातोस, ते आधी सांग.