चौथी खीळ

भाव विचारायला जुंबेर कुताइसीला गेला होता.
वापरलेला बुलडोझर, पिवळा, एक आरसा फुटलेला.
तेवढ्या पैशांत आमचं अख्खं गाव आलं असतं,
गाईंसकट.
विकणारा म्हणाला, हप्त्यानं घ्या की.
भाऊ काही बोलला नाही,
तिथून सरळ भंगारवाल्याकडे गेला.

हिशेबाची वही माझ्याकडे, म्हणून मला ठाऊक:
जुन्या झिल ट्रकची चासी, तीनशे चाळीस लारी.
हायड्रॉलिक मोटरी दोन:
वीस लिटर वाइन, एक मेंढा,
आणि सवड मिळेल तेव्हा मालकाच्या छपराची डागडुजी
(अजून व्हायची आहे).
पात्यासाठी गॅसच्या नळाचा तुकडा,
माणूस वाकून आत शिरेल एवढा.
तीस वर्षं तो आमच्या डोंगराखालून गेला
आणि गावाला चहापुरताही जाळ दिला नाही.
उभा चिरून तिसरा हिस्सा काढला,
तर बाक आयताच निघाला.
मातीला पुढ्यात लोळवायला लागतो
अगदी तेवढाच.

नकाशा कागदावर नव्हता.
कोठाराच्या फरशीवर, खडूनं, खऱ्या मापात.
रात्री त्यावरून कोंबड्या हिंडायच्या,
सकाळी आधी त्यांची पावलं वजा करायची,
मग इंच मोजायचे.

त्याचा हट्ट एकच:
जे बिघडेल ते एकट्या माणसाला
एकाच पान्यानं काढता आलं पाहिजे.
आणि इंजिन असेल वेगळ्या पेटीत.
चार खिळी उपसल्या की पेटी मोकळी.
आज बुलडोझरला, उद्या करवतीला,
परवा मक्याच्या चक्कीला.
एका बैलावर तीन घरांची शेतं होतात, तसं.

पहिल्या दिवशी ते सरळ गेलंच नाही.
डावी मोटर म्हातारी, उजवी तरणी,
यंत्र आपलं गोल गोल
कोबीच्या वाफ्यातून, परत कोबीच्याच वाफ्यातून.
वालिको मास्तर हसता हसता कुंपणावर टेकले
आणि कुंपण घेऊन पलीकडे पडले.
मी वहीत लिहिलं: कोबी चौतीस, कुंपण पाच हात.
अकरा दिवसांनी त्यानं एक झडप बसवली,
दोन्हीकडे तेल सारखं वाटून देणारी.
आमच्या वडिलांना दोन मुलांत जे जमलं नाही
ते ती मूठभर झडप करते.

मार्चमध्ये दरड उतरली.
रस्त्याच्या पलीकडे पिठाची गाडी अडकली
आणि तिच्यात, पोत्यांना टेकून,
डायलिसिस करून परतणारा
द्वारिकोचा नवरा.
पेटी त्या रात्री चक्कीला जोडलेली होती.
सहाजणांनी ती बर्फावरून ओढत आणली,
शिव्या देत, एकमेकांच्या पायांवर पाय देत.
एक खीळ बसली. दुसरी. तिसरी.
चौथी नाही.

कामाला खीळ बसते म्हणतात,
आमचं काम खीळ न बसल्यानं अडलं.
चक्कीत शोधली, गोठ्यात शोधली,
ओतारनं कुत्र्यावर आळ घेतला.
जुंबेरनं पहार घालून पाहिली, ती वाकली.
मग स्वयंपाकघरातून आवाज आला: टक.
थांबून पुन्हा: टक.
आई चुलीच्या उजेडात बसून
चौथ्या खिळीनं अक्रोड फोडत होती.
"हाताला छान बसते," ती म्हणाली,
आणि देता देता एक शेवटचा फोडून घेतला.

पहाटे चारला रस्ता गाडीपुरता मोकळा झाला.
एका पट्ट्याची कडी तुटली होती,
जुंबेरच्या भुवयांवर चिखल गोठला होता.
द्वारिकोचा नवरा खाली उतरला नाही,
काचेतून नुसता हात वर केला.
पाठोपाठ पीठ आलं.

आता वरच्या खोऱ्यातली माणसं खडू घेऊन येतात,
फरशीवर ओणवी होऊन मापं उतरवतात.
कोंबड्यांचीही उतरवत असतील,
आम्ही सांगायला जात नाही.
वहीत त्या रात्रीचा खर्च:
डिझेल एकोणीस लिटर, कडी एक, पहार एक.
आणि खाली, नंतरच्या शाईत,
एक नवी खीळ, ओतारकडून घडवून घेतलेली.
आता पाच आहेत.
पाचवी आईची.