शिल्लक

हल, नोव्हेंबर. हंबरच्या पाण्यावरचा वारा
लिफ्टमधून माझ्या खोलीपर्यंत चढून येतो.
विनिफ्रेड ऑक्स्टोबी, वय अठ्ठ्याहत्तर, हात बर्फ.
गार हात यंत्राशी खोटं बोलतात,
म्हणून आधी कोमट पाण्याच्या तसराळ्यात तिची मनगटं.
"झकास गं," ती म्हणते, "आता फक्त चहा राहिला."

पंचवीस वर्षं तिनं जाळी विणली, हेसल रोडच्या मागे,
ट्रॉलरची जाळी, राठ दोर, वीतभर लाकडी सुई,
गाठीला गाठ.
आता खुर्चीतून उठायला हात टेकावे लागतात.
तोंड कोरडं पडतं. जिना रोज एका पायरीनं वाढतो.
"गंमत बघ, पहिल्या चार पायऱ्या जड,
मग जरा बरं वाटतं. डॉक्टर म्हणाले, वय."

करंगळीच्या कडेला तबकडी चिकटवते.
मनगटावर एक झटका.
पडद्यावर उंचवटा. उंचवटा कसला,
पोळपाटावर चिकटून राहिलेली कणी.
शून्य पूर्णांक आठ.

इंग्रजीत हे मी रोज सांगते, मराठीत आजच:
मज्जातंतू स्नायूला शिवत नाही.
मध्ये फट असते, केसाहून कितीतरी बारीक.
अलीकडच्या काठाला पिशव्या भरून तयार,
आणि कॅल्शियम आत यायची दारं.
निरोप आला, दारं उघडली, पिशव्या रित्या झाल्या,
पलीकडे बोट हललं. एवढंच.
हिची दारं कुणीतरी आतून कडी घालावी तशी लावलीत.
कुणी, ते मला माहीत नाही.
म्हणजे, अंदाज आहे.

"करंगळी बाहेर ढकला, माझ्या बोटावर, होता नव्हता तो जोर,
दहा सेकंद."
ती जबडा आवळते.
वन, टू, मी मोठ्यानं मोजते,
आणि सहानंतर कसं कोण जाणे,
सात, आठ, नऊ.

आष्टीच्या शाळेत हापसा होता.
पहिले पंधरा हात नुसती लोखंडाची कुरकुर.
जीव तोडून हापसलं की पाणी यायचं,
आणि मग थोडाच वेळ
हलक्या हातालाही येत राहायचं.
तेवढ्यात कळशी लावायची.
शेंबूड पुसत उभं राहिलात, की उतरलंच खाली.

सोडा. झटका.
तीन पूर्णांक चार.

निरोपामागून निरोप धावले, प्रत्येकानं
चिमूट चिमूट कॅल्शियम मागे सांडलं,
झाडून काढायला उसंत मिळाली नाही,
आणि त्या शिल्लकीवर
पुढचा साधा झटका श्रीमंत झाला.

तिनंही पाहिलं. "मी केलं हे?"
"तुम्हीच."
"मग छानच की!"
"डॉक्टर सांगतील," म्हणाले, आणि वायर गुंडाळत बसले.
चौपट. धडधाकट हात इतका कधी वाढत नाही.
अर्जाच्या तळाशी एक चौकोन असतो: छातीचा स्कॅन, तातडीचा.
तिथं खूण करणं माझं काम नाही,
पण पेन कुठं टेकणार ते मला दिसतं.
खुर्चीच्या पाठीवर तिचा कोट, खिशातून
सिगारेटचं पाकीट डोकावतंय.

तीस सेकंद: दोन.
साठ: एक पूर्णांक एक.
पेशी आपली ओसरी सारवून घेते,
सांडलेलं काही ठेवत नाही.

"परत दाबू का?" मी नको म्हणायच्या आत
तिनं दोन्ही मुठी आवळल्या, डोळे मिटले,
ओठांनी स्वतःच दहा मोजले,
आणि झटकन माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी धरली.
"बघ, अशी. इथून वर, मागून, खाली, ओढ."
दोन श्वासांत गाठ.
तिसऱ्याला बोटं सैल, मांडीवर उतरलेली.

खाली तिची मुलगी गाडी घेऊन उभी होती.

दोरी आता चार बोटं आखूड आहे.
संध्याकाळी नखानं उकरून पाहिली, कात्रीच्या टोकानंही.
उद्या सकाळी साडेआठला पहिला पेशंट.