बेवारस ओळ

विजयनगर, सातवा मजला, मार्चअखेर.
क्लाउडचं बिल रकान्यांत उलगडून बसलेय.
साठवण, वाहतूक, तासाचं भाडं:
सगळ्यांना धनी सापडले,
एका ओळीला नाही.

'चाचणी-कोरान्ने-दोन'.
कोरान्ने दिवाळीआधीच पुण्याला गेला.
लॅपटॉप दिला, ओळखपत्र दिलं,
हे विझवायचं राहिलं.

सराफ्यातले सोनार तरी रात्री फळ्या लावून
ओटे चाटवाल्यांना देतात.
हे मशीन जागंच,
तासाला साडेअकरा रुपये,
वापर शून्य, आलेख सपाट.

बंद करण्याआधी नियमाप्रमाणे फोन केला.
"अजून चालूय?" म्हणाला,
मग विचारत बसला,
पोह्यांवर जीरावन तसंच भुरभुरतात का,
छप्पनला गर्दी असते का.

अठरा मिनिटं.
म्हणजे साधारण साडेतीन रुपये.
ते मी माझ्या नावावर टाकले.