दोन ते तीन

"डाव्या पायाच्या शिरेत रक्त साकळलंय,"
सोनोग्राफीवाला जेल पुसत म्हणाला.
आईला साकळणं नवं नव्हतं.
सुरमईचं पोट उघडलं की काट्यालगत
काळपट दोरी असते,
ती नखाने खरवडते, गिऱ्हाइकाला दिसायच्या आत.
"तसंच ना?"
तो हसला नाही.
"तसंच."

चाळीस वर्षं दिवाळ्याच्या बाजारात,
एका पाटावर, पाय दुमडून.

पहिले पाच दिवस पोटात सुया,
एक दिवस बेंबीच्या डावीकडे, एक दिवस उजवीकडे.
निळसर हिरवे डाग उठले,
बांगड्याच्या पाठीसारखे.
मग गोळी. एवढीशी.

रक्त पातळ करते, शेजारीण म्हणाली.
डॉक्टर म्हणाले, पातळ नाही होत,
गोठायला उशीर लागतो, एवढंच.
आणि आहे ती गाठ गोळी विरघळवत नाही,
फक्त वाढू देत नाही.
"मग विरघळवतं कोण?"
"तुमचं तुम्हीच, हंसाबाई. हळूहळू."

बसस्टॉपपर्यंत आई
त्या हळूहळूवर काही बोलली नाही.

दर पंधरवड्याला बेलापुरातली लॅब.
आकडा हवा दोन ते तीन.
रिपोर्ट आला की विचारते, आज काय भाव?
एक पॉइंट सात.
"पडला. श्रावण लागला वाटतं."
तीन पॉइंट आठ.
"चढला गं, गटारीचा."
गोळी सोमवार-गुरुवार दीड, बाकी दिवस एक.
मेथी सोडायची नाही, वाढवायची नाही,
मूठ मोजून.
अंग दुखलं तरी
मेडिकलवाल्याची गोळी परस्पर घ्यायची नाही.

कोयता माझ्याकडे आला.
माझे तुकडे वाकडे पडतात,
गिऱ्हाइकं माझ्या हाताकडे बघतात, मग आईकडे.
ती खुर्चीत, पाय थर्माकोलच्या पेटीवर,
पायात तो घट्ट मोजा, कातडीच्या रंगाचा,
कुणा दुसरीच्याच कातडीच्या.

एकदा नको म्हणताना कोलंबी सोलायला घेतली.
काटा रुतला.
बोट पदरात दाबून बाजाराच्या घड्याळाकडे बघत राहिली,
बारा मिनिटं.
थांबलं तेव्हा मलाही सांगितलं नाही.
मी मोजत होते.

काल गुरुवार. दीडची पाळी.
अर्धी गोळी हाताने तुटत नाही, चुरा होतो.
तिने धुऊन ठेवलेला कोयता घेतला,
चार महिन्यांनी,
ठोकळा पुढे ओढला, गोळी मधोमध ठेवली.

टक्.

दोन्ही अर्ध्या सारख्या.
"बघ," म्हणाली, "असं कापायचं."